चक्कीवाल्याच्या नंबरावर मेलेला मधवाला

मधवाला वेल्को स्वतःच्या फाटकाशी उभा राहून स्वतःच्याच मरणाचा कागद वाचत होता. मी दह्याचं मडकं घेऊन समोरून येत होते. आमच्या व्रानोवेत्समध्ये माणूस गेला की काळ्या चौकटीचा कागद फाटकावर लागतो, वर फोटो, खाली नाव. चाळीसाव्या दिवशी नवा लागतो, सहा महिन्यांनी नवा, वर्षाला नवा. कुणी काढत नाही. ऊनपावसाने जाईल तेव्हा जाईल. त्यामुळे कागदाचं मला काही वाटलं नाही. वाचणारा माणूस बघून मात्र पाय जागीच थांबले.

"वेल्कोदादा," मी म्हटलं, "वय तरी बरोबर टाकलंय का बघ."

"वय बरोबर आहे शेजारीणबाई," तो म्हणाला. "फोटोही माझाच. लग्नातला कोट आहे. तेवढा माणूस चुकलाय."

आम्ही दोघं हसलो. त्यानंतर त्याच्या फाटकाशी कुणी फारसं हसल्याचं मला आठवत नाही.

आता हे झालं कसं ते ऐका. यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे.

आमच्याकडे पहिला मुलगा झाला की त्याला आजोबाचं नाव. त्यात घासाघीस नाही. म्हाताऱ्या वेल्कोला दोन मुलगे, दोब्री आणि दिमो. दोघांना एकाच शरदात मुलगे झाले, दोघेही वेल्कोच. आणि जन्माची नोंद करणारा कारकून डोंगरावरच्या वाडीत यायचा तो फक्त संत दिमितारच्या जत्रेला. बकरा खायला. शरदात जन्मलेली सगळी पोरं तो जत्रेच्या दिवशी जन्मली म्हणून लिहून टाकायचा आणि पुन्हा बकऱ्याकडे वळायचा. म्हणजे नाव एक, आडनाव एक, जन्मदिवस एक. गावाला काही अडचण नव्हती. एक पाणचक्की चालवायचा, एक मधमाश्या पाळायचा. चक्कीवाला वेल्को म्हटलं की पिठाने पांढरा झालेला, मधवाला म्हटलं की माश्यांनी सुजलेला. आंधळ्यालाही फरक कळायचा.

मग ते यंत्र आलं.

जुन्या तंबाखूच्या वखारीत बसवलं होतं. दहा कपाटं शेजारीशेजारी, त्यांच्या पोटात फिरणारी फितीची चाकं, आणि दिवसरात्र घूंऽऽ असा आवाज. व्रानोवेत्स म्हणजे कावळ्यांचं गाव, पण यंत्र सुरू झालं त्या दिवसापासून वखारीच्या छपरावर एक कावळा बसला नाही. वरून उडत आले तर वळसा घालून जायचे. गावातल्या सुनांनी यंत्राचं नाव ठेवलं सासू. सगळं विचारते, काही विसरत नाही, आणि एकदा मनात धरलं की सोडत नाही.

यंत्राची मुख्य होती स्त्रातिएवाबाई. राजधानीत शिकलेली, नीटनेटकी, वाईट नव्हती. तिने सगळ्यांना वखारीत बोलावून समजावून सांगितलं. आजवर तुमचं नाव दवाखान्यात एक तऱ्हेने लिहिलेलं, शाळेत दुसऱ्या, घरपट्टीच्या कागदावर तिसऱ्या. आता तसं नाही. आता प्रत्येक माणसाची इथे एक ओळ. ओळीत रकाने, नावाचा, जन्माचा, घराचा, जिवंत की मेलेला याचा. आणि ओळीला एक नंबर, तो जगात दुसऱ्या कुणाचा नसणार. दवाखाना, औषधाचं दुकान, शाळा यांनी नाव लिहायचंच नाही, नुसता नंबर लिहायचा. माणूस एका जागी राहील, बाकी सगळे त्याच्याकडे बोट दाखवतील. इथे एकदा बदललं की सगळीकडे आपोआप बदललं.

मधवाल्याची बायको पेना मागे विणत बसली होती. तिने वर न बघता विचारलं, "आणि इथेच चुकलं तर?"

स्त्रातिएवाबाई म्हणाली, "मग सगळीकडे सारखंच चुकेल. निदान घोळ तरी होणार नाही."

लोकांना ते पटलं. पेनाने मात्र विणलेली अर्धी रांग उसवली.

भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून माणसं यंत्रात जात होती. कार्डावर जागा कमी, म्हणून बापाच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर. दोब्रीचंही द आणि दिमोचंही द. कार्डं पाडणाऱ्या पोरी दुपारी पेंगायच्या आणि एकच माणूस दोनदा पाडायच्या, म्हणून बाईने यंत्राला शिकवून ठेवलं होतं की नाव, गाव आणि जन्मदिवस जुळला तर दुसरं कार्ड दुबार समजून टाकून दे. सासूने दोन वेल्को बघितले, एक ठेवला, एक गिळला. दोघांना एकच नंबर मिळाला.

दोघे भाऊ तक्रार करायला गेले, म्हणजे पायऱ्यांपर्यंत गेले. तिथे चक्कीवाल्याला सुचलं की आता रविवारच्या श्रमदानाचं बोलावणंही दोघांत मिळून एकच येणार. तिथूनच परत फिरले आणि राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, घ्यायला बसले. एका रविवारी हा रस्ता झाडायचा, पुढच्या रविवारी तो. चक्कीवाला म्हणायचा, अर्धा माणूस सरकारचा, अर्धा माणूस घरचा, याहून चांगला हिशोब कुणाला जमलाय? पुढे चक्कीवाल्याने दाढ काढली तर मधवाल्याला दवाखान्यातून निरोप आला, दाढेची जखम दाखवायला या. मधवाल्याला माश्या चावल्या तर चक्कीवाल्याच्या नावावर मलम निघालं. लोक तर म्हणायचे की एकाने जास्त प्यायली की दुसऱ्याचं डोकं धरतं. ते मी मानत नाही. पण एकदा मधवाला कोरडा ठणठणीत माझ्या अंगणात बसला होता आणि एकाएकी त्याची जीभ जड झाली. तेव्हा पलीकडे पाणचक्कीवर गाणी चालली होती, एवढं खरं.

त्या हिवाळ्यात, नवीन वर्ष उजाडल्यावर, मधवाल्याच्या लेकीला, दोन्काला मुलगी झाली. घरात पहिलं नातवंड. आजोबाचं नाव तिला वेलका म्हणून दिलं. वेल्को तिला टोपलीत घालून मधमाश्यांच्या पेट्या दाखवायला घेऊन गेला. बर्फात. पेनाने त्याला जे काय ऐकवलं ते तीन घरांपलीकडे ऐकू गेलं.

आणि बर्फ वितळायच्या आधी चक्कीवाला पाणचक्कीच्या पाटावर घसरला. चाकाखाली सापडला.

दवाखान्याने नंबर कळवला. स्त्रातिएवाबाईने त्या नंबराच्या ओळीत जिवंत खोडून मेलेला केलं. एका जागी बदललं, सगळीकडे बदललं. नगरपालिकेची बाई त्या नंबराच्या पाकिटातला फोटो घेऊन कागद करायला बसली. पाकीट एकच, फोटो एकच, तो मधवाल्याचा. असा कागद फाटकावर लागला.

पहिले काही दिवस गंमत होती. मग वेल्को त्याचे हृदयाचे थेंब आणायला औषधाच्या दुकानात गेला. दुकानदारीण त्याच्याच वर्गातली, लहानपणी त्याने तिच्या वेणीला मध लावलेला. ती म्हणाली, "वेल्को, मी देईन रे. पण कुणाच्या नंबरावर देऊ? मेलेल्याला औषध दिलं तर मला विचारतील." डॉक्टरनेही तेच सांगितलं. पावाच्या रांगेत त्याच्या पुढे उभा असलेला माणूस वळला आणि सवयीने म्हणाला, देव त्याला क्षमा करो. आमच्याकडे हे गेलेल्याचं नाव निघालं की म्हणतात. मग ओशाळला, तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुसरा कुणी म्हणाला, तो ओशाळला नाही.

खानावळीत तर नको ते झालं. वेल्को बाकावर बसला होता आणि त्याच्या शेजारच्याने पहिला घोट घ्यायच्या आधी थोडी राकिया जमिनीवर सांडली. मेलेल्यांच्या वाटणीची. वेल्कोच्या बुटाशी. वेल्को बुटाकडे बघत राहिला. बाकी कुणाला काही वावगं वाटलंच नव्हतं. घरी आल्यावर त्याने मला फाटकातून हाक मारली. मला ऐकू आली तेव्हा तो तिसऱ्यांदा हाक मारत होता, असं पेनाने नंतर सांगितलं.

थेंबांची बाटली तळाला आली तेव्हा पेनाने त्याला हाताला धरून वखारीत नेलं.

स्त्रातिएवाबाईने चूक लगेच मान्य केली. पण चूक मान्य करणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं. तिने सांगितलं की जिवंतावरून मेलेल्याकडे जायची वाट यंत्रात आहे, मेलेल्यावरून जिवंताकडे यायची कुणी केलीच नाही. कोण कशाला करेल? आणि दोघांची ओळ एकच, अर्धी ओळ जिवंत कशी करायची? नवी घातली तर यंत्र दुबार म्हणून गिळणार, आणि मेलेली ओळ फोडून दोन करता येत नाहीत. एकच उपाय होता. तळघरात लोखंडी कपाटात वर्षअखेरची फीत होती. फिती मिळायच्या कमी, म्हणून सगळ्या गावाची प्रत वर्षातून एकदाच निघायची. ती जुनी फीत चढवली की यंत्राला गेल्या वर्षाच्या शेवटच्या दिवशीचं गाव दिसणार. त्यात वेल्को जिवंत. मग शांतपणे दोन वेगळ्या ओळी करून देते, म्हणाली.

"आणि त्यानंतर जे मेले ते?" पेनाने विचारलं.

"ते तेवढे दिवस जिवंत दिसतील. मी परत मारीन," बाई म्हणाली.  "आणि नंतर जे जन्मले ते तेवढे दिवस नसतील. आठवडाभरात परत घालीन सगळ्यांना. सोमवारी सकाळी चढवते."

पेनाचा चेहरा उजळला. वेल्कोला मात्र गावातल्या स्मिल्यानाचा मुलगा आठवला.

त्याच्या आदल्या वर्षी एकदा चालू फीत तुटली होती आणि आठवडाभर जुनी लावावी लागली होती. स्मिल्यानाचं तान्हं पोर तिच्यात नव्हतं. त्या आठवड्यात पोर रडलं नाही. म्हणजे रडायचं, तोंड उघडायचं, लालबुंद व्हायचं, पण आवाज नाही. स्मिल्याना पाळण्याशेजारून दोनदा गेली आणि पाळणा कुणाचा म्हणून तिने शेजारणीला विचारलं. पोराची नोंद परत घातली तसा आवाज आला. पण आज तो मुलगा बाप्या झालाय, तरी त्याला हाक मारा, जरासा उशिरा वळतो. जणू हाक कुठून तरी लांबून फिरून त्याच्यापर्यंत येते. हसा खुशाल. मीही हसले असते.

सोमवारी वखारीसमोर सगळं गाव जमलं होतं. बातमी कुणी पसरवली ते देवाला ठाऊक, आणि मी काही बोलले असेन तर दोघा-तिघांनाच. एका बाजूला त्या हिवाळ्यात ज्यांचं कुणी गेलं होतं ते, अंगावर काळे कपडे, तोंडावर जत्रेची कळा. चक्कीवाल्याची बायको त्स्वेता नवऱ्याचा इस्त्री केलेला सदरा हातावर घेऊन आली होती. मी म्हटलं, त्स्वेता, अगं हा नुसता यंत्रातला कारभार आहे. ती म्हणाली, असेल, पण आला तर उघडा कसा बसवू? दुसऱ्या बाजूला बाळवाल्या बाया, गाड्या एकमेकींना लावून उभ्या. मधे कुणी नव्हतं.

आतून घूंऽऽ सुरू झालं. नेहमीसारखं नाही, उलट्या दिशेने चालल्यासारखं. आणि लांब, गावाबाहेर, पाणचक्कीचं चाक फिरायला लागलं. पाट गोठलेला होता. चाकाला बर्फ धरलेला होता. तरी करकरत ते फिरलं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. त्स्वेताने सदऱ्याची बटणं सोडायला सुरुवात केली.

तेवढ्यात दोन्का गाडी ढकलत आईजवळ आली. गाडीत वेलका. पोरीचं तोंड सताड उघडं, गाल लाल, मुठी आवळलेल्या, आणि आवाज नाही. दोन्का तिच्याकडे बघत होती, परक्याच्या गाडीत डोकावावं तसं.

"आई," ती म्हणाली, "हिचं नाव काय ठेवलं होतं गं आपण?"

 पेनाने वेल्कोची बाही घट्ट धरली, कारण तो वखारीकडे वळला होता.

"आठ दिवसांचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "बाई परत घालणार आहे तिला. तुझे थेंब संपलेत वेल्को. कालच संपलेत."

"साठ वर्षं वापरून झालं माझं नाव," वेल्को म्हणाला. "नंबर तर तोही भावाबरोबर वाटून खाल्ला. पोरीने अजून तोंडसुद्धा लावलेलं नाही."

"आणि मी?"

"तू मला मेलेला कधी मानलंयस का? मग झालं तर."

त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली.

वखारीच्या दारावर झेल्याझ्को पहारेकरी होता, उभ्या गावात सगळ्यात खवट. नंबर विचारल्याशिवाय तो स्वतःच्या बायकोलाही आत सोडत नसे. वेल्को त्याच्या समोरून गेला आणि झेल्याझ्कोने जांभई दिली. नंतर म्हणाला, मेलेल्याला अडवायचं की सोडायचं याचा मला नियमच दिलेला नव्हता. स्त्रातिएवाबाईने तर सांगितलं की दार उघडलं तेव्हा तिला वाटलं वारा आला. तिने उठून खिडकी लावली. खिडकी लावून वळली तर चाक जागेवर नव्हतं.

वेल्को बाहेर आला तो छातीशी चाक धरून. फीत सुटून त्याच्या मागे पायऱ्यांवरून, चिखलातून लोळत येत होती, काळी, चकचकीत, संपता संपेना. बाई मागून धावत होती, ओरडत होती की ती एकच आहे, दुसरी प्रत नाही. वेल्को चालतच राहिला. बाळांच्या गाड्या फितीवरून गेल्या. कुणाच्या बुटाला अडकली, कुणाच्या कुत्र्याने ओढली. गेल्या वर्षाचं सगळं व्रानोवेत्स चौकातल्या चिखलात पडलं होतं.

वेलका रडली. असली रडली की घड्याळाच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडाली. दोन्काने तिला उचललं, "वेलका, वेलका," म्हणत छातीशी धरलं. आणि लांबवर चाक थांबलं.

त्स्वेताने बटणं परत लावली. सदऱ्याची घडी घातली आणि वेल्कोच्या हातात दिला. म्हणाली, "तूच घाल. उंची एकच होती तुमची." गेलेल्याचे कपडे घरच्याच माणसाला देतात आमच्याकडे. वेल्कोने घेतला. कुठल्या नात्याने घेतला, भावाच्या की मेलेल्याच्या, ते कुणी विचारलं नाही.

यंत्रात तो मेलेलाच राहिला, कारण मागे जायला आता काही उरलंच नव्हतं. चाळीसाव्या दिवशी पेनाने उकडलेले गहू वाटले, रीत म्हणून. वेल्कोने स्वतःच्या वाटणीचे दोन वाट्या खाल्ले आणि साखर कमी आहे म्हणाला. हृदयाचे थेंब पेना आपल्या नंबरावर आणायची. कागदोपत्री तिचं हृदय इतकं बिघडलं की जिल्ह्याचा डॉक्टर तिला बघायला आला, ती तेव्हा छपरावर चढून धुराडं साफ करत होती. दर वर्षी नवा कागद लागायचा आणि पेना त्यावरचा फोटो बदलायची. म्हणायची, नवरा म्हातारा होत चाललाय, लोकांना दिसू दे.

इथवर ठीक होतं. पण पेना गेली. दोन्का गेली. स्त्रातिएवाबाई गेली, झेल्याझ्को गेला, वर्गातली दुकानदारीण गेली. सगळ्यांचे कागद लागले, उडाले. वेल्को राहिला. शंभरी ओलांडली, त्यालाही बरीच वर्षं झाली. थेंब केव्हाच बंद झाले, कुणाच्या नंबरावर आणणार? त्याला काही होत नाही. मी माझ्या परीने विचार केलाय यावर. मरण काही उगाच दारोदार फिरत नाही, तेही कुठून तरी नंबर घेऊनच येत असणार. आणि या नंबराचं काम झालंय. त्यावर केव्हाच खूण झालीय.

वेलका आता त्याच कचेरीत बसते. दहा कपाटांचं काम हल्ली तिच्या टेबलावरच्या डबीत मावतं. वेल्को तिच्याकडे जायचा, कंबरेत वाकलेला, चक्कीवाल्याचा सदरा अंगात. म्हणायचा, पोरी, मला एक नवी ओळ दे. माझी स्वतःची. फार दिवस लागणार नाही. तिला समजायचं तो काय मागतोय. ओळ मिळाली तर थेंब मिळतील, आणि थेंब मिळणाऱ्याला बाकीचंही मिळतं. ज्याने तिच्यासाठी फीत चिखलात घातली, त्याला आपल्या हाताने मरणाच्या यादीत कसं घालायचं? ती म्हणायची, "आजोबा, उद्या या." तो उद्या जायचा. ती उद्या म्हणायची.

या हिवाळ्यात त्याने जाणं बंद केलं.

परवा मी दही घेऊन येत होते. आता मडकं नाही, प्लास्टिकचा डबा. फाटकावर या वर्षाचा नवा कागद होता, वेलकाने लावलेला. चौकट होती, नाव होतं, फोटोच्या जागी काही नव्हतं. शंभरीपलीकडचा चेहरा कुठल्या फोटोत धरायचा हे बहुतेक तिलाही समजलं नसेल. वेल्को फाटकाशी उभा राहून तो वाचत होता, ओठ हलवत, अक्षर अक्षर लावत. वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं.

"कोण गेलं गं?" त्याने विचारलं.

मी डबा दुसऱ्या हातात घेतला.  म्हटलं, "चक्कीवाला."

"देव त्याला क्षमा करो," तो म्हणाला, आणि फाटक ओढून आत गेला.